लहानपणापासून हाताळलं की साप माणसाळतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉर्न स्नेकचं (हा अमेरिकेतला बिनविषारी साप) दोन महिन्यांचं पिल्लू दहा दिवसांपूर्वी घरी आलं. "लहान आहे तोवरच रोज हाताळ, नाहीतर मोठेपणी हाताला लागणार नाही" असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज अर्धा तास हातात घेणं सुरू झालं. डब्यात हात गेला की पिल्लू शेपूट थरथरवतं, मान मागे घेऊन झेपावतं. एकदा बोटाला चावलंसुद्धा. आणि आता त्याने सलग दुसऱ्यांदा खाणं नाकारलंय. तर हाताळणं वाढवायचं की कमी करायचं?

आजपासून बंद करायचं, अगदी पूर्ण. किती दिवस आणि त्यानंतर काय, ते पुढे सांगते.

तुम्ही विचारलंय माणसाळवण्याबद्दल, पण मला काळजी वाटली ती शेवटच्या वाक्याची. चावरेपणाला वेळ देता येतो, मोठ्या सापाच्या उपासालाही देता येतो. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात मात्र साठवण फारशी नसते. आणि दोन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतंय. पिल्लू अजून त्या डब्यात राहायला आलेलंच नाही. त्याच्या लेखी ते अजून पकडलं गेलेलं आहे, आणि रोज अर्धा तास पुन्हा पकडलं जातंय.

जरा त्याच्या बाजूने पाहा. अंड्यातून बाहेर पडलेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीहून बारीक असतं. आई राखायला नसते. रानात पक्षी, मोठे साप, छोटे सस्तन प्राणी, ज्याला सापडेल तो त्याला खातो. विष नाही, कुणाला आवळून धरावं इतकी ताकद नाही. मग उरतं काय? लपणं, पळणं, आणि दोन्ही जमलं नाही तर सोंग आणणं. शेपूट थरथरवून पाल्यात खुळखुळाटासारखा आवाज काढणं, मान इंग्रजी एससारखी मुडपणं, डोकं चपटं करून झेपावणं हे सगळं सोंग. वरून येणारी पाच बोटांची सावली म्हणजे त्याच्यासाठी पक्ष्याचा पंजाच. "साप म्हणू नये धाकला" ही म्हण आपण माणसांना सावध करायला वापरतो. पिल्लूही जीव तोडून तेच सांगत असतं, की मला धाकला समजू नका.

आता माणसाळण्याबद्दल. हा शब्द आपण कुत्र्यामांजरांवरून उचलतो आणि तिथेच गडबड होते. साप डूख धरत नाही हे एव्हाना बऱ्याच जणांना पटलंय. तो तसा लळाही लावून घेत नाही, हे पटायला जास्त जड जातं. कुत्र्याच्या पिल्लाला ठरावीक आठवड्यांत माणसांची ओळख झाली नाही तर ते आयुष्यभर बुजरं राहू शकतं. तसा दार उघडून बंद होणारा काळ सापांत असतो असं मला इतक्या वर्षांत दिसलेलं नाही. सापाच्या बाबतीत घडतं ते सरावणं. हात आला, काही वाईट झालं नाही. पुन्हा आला, पुन्हा काही झालं नाही. हळूहळू हाताची दखल घेणं परवडेनासं होतं. अमेरिकेत प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गार्टर स्नेक या तिकडच्या छोट्या सापाच्या अगदी लहान पिल्लांसमोर बोट हलवून हे तपासलं होतं. तेच ते पुन्हा पुन्हा घडत गेलं की झेपावणं कमी होत जातं. पण जातीजातीत फरक पडतो, आणि एकाच जातीत वेगवेगळ्या मादीच्या पिलावळीतही पडतो. एकाच वेळी फुटलेल्या अंड्यांतलं एक पिल्लू पहिल्या दिवसापासून हातावरून निवांत फिरतं आणि शेजारचं सहा महिने फुत्कारत राहतं, हे पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तुमचं दुसऱ्या गटातलं असेल तर त्यात तुमचा दोष नाही.

सरावण्याची अट मात्र एकच आहे, "काही वाईट झालं नाही". अर्धा तास धडधडत्या जिवाने सुटायची धडपड करणं ही त्या पिल्लाच्या हिशेबात वाईटच गोष्ट आहे. म्हणजे तुम्ही रोज हाताळताय, पण त्यातून तो नेमकं उलटं शिकतोय. खूप वेळ पकडून ठेवलं की तो शेवटी गप्प होतो, आणि आपण खूश होतो. तो गप्पपणा बहुतेकदा थकल्याचा असतो. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की पुन्हा तेच.

मीही हेच करून बसले होते. माझा पहिला साप बॉल पायथनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या छोट्या अजगराचं पिल्लू होतं. ते अजिबात चावत नसे, हातात घेतलं की गोळा होऊन बसे, डोकं मधोमध दडवून. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायची, किती शांत आहे बघा. हातात गोळा झालेला बॉल पायथन शांत नसतो, घाबरलेला असतो. त्याला बॉल हे नावच त्या भीतीवरून पडलंय, हे मला कळायला वर्ष गेलं. त्यातच एकदा खाऊ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढला. रात्री डब्यात अर्धवट पचलेला उंदीर पडलेला, आणि तो वास अजून आठवतो. सापाने असं उलटून टाकलं की नुसतं जेवण वाया जात नाही, आतडं आणि अन्ननलिकाही दुखावते. त्यानंतर दहा-चौदा दिवस काहीच द्यायचं नसतं आणि मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्यापासून पुन्हा सुरुवात करायची असते. त्या सापाला पूर्वपदावर यायला तीन महिने लागले, आणि ते सगळं केवळ माझ्या हौसेपायी.

तर आता तुमच्या पिल्लाचं काय करायचं?

पुढचे सात दिवस फक्त पाणी बदला आणि घाण दिसली तर उचला. बाकी झाकण उघडायचं नाही. त्याआधी एकदाच डबा नीट लावून घ्या. तो मोठा आणि मोकळा असेल तर पिल्लाला तो मैदानासारखा वाटतो. लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि दोन्ही इतक्या लहान की वेटोळं घातल्यावर अंग चारी बाजूंनी टेकेल. आपल्याला ते कोंबल्यासारखं वाटतं, त्याला सुरक्षित वाटतं. कॉर्न स्नेकला उबदार टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि थंड टोक २२ ते २४ पुरतं. हीट मॅट (डब्याखाली ठेवायची विजेची गरम चटई) असेल तर तिचं तापमान ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट हवाच, तो नसेल तर मॅट बंद ठेवलेली बरी, कारण खालून पोट भाजलेलं सापाला वेळेवर कळत नाही. तापमान काचेला चिकटवलेल्या गोल काट्यावर बघू नका. साप जमिनीवर झोपतो, तेव्हा मोजायचं ते जमिनीवर.

आठव्या दिवशी संध्याकाळी खायला द्या. पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, फ्रीजरमधून काढून पूर्ण वितळलेलं आणि आपल्या अंगाइतकं कोमट. ते उबदार लपणीच्या तोंडाशी ठेवा, दिवा बंद करा आणि सकाळपर्यंत बघायला जाऊ नका. लाजाळू पिल्लं आपल्यासमोर खात नाहीत. खाल्लं नाही तर ते फेकून पाच-सात दिवसांनी पुन्हा. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. लपणीसकट उचलून छोट्या डब्यात ठेवलं की हात न लावता मोजता येतं. वजन उतरत चाललं, किंवा महिनाभर काहीच पोटात गेलं नाही, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

ओळीने तीन वेळा खाऊन, पचवून, विष्ठा टाकून झाली की मगच हाताळायला सुरुवात. तीनच का? एकदा खाणं योगायोगाने होतं, दोनदाही होतं. तिसऱ्यांदा खाल्लं म्हणजे ते घर त्याला मानवलं, असा माझा अंदाज. शास्त्र नाही, पण या आकड्याने मला कधी तोंडघशी पाडलं नाही.

सुरुवात उचलण्यापासून नको. आधी चार-पाच दिवस रोज एकदा हात फक्त डब्यात आडवा ठेवायचा, पिल्लापासून लांब, दोन मिनिटं, न हलवता. सापाला बाहेरचे कान नसतात, पापण्याही नसतात. तुमची बडबड त्याला फारशी समजत नाही. तो वास घेतो तो जिभेने. लवलवणारी जीभ हवेतले कण उचलते आणि टाळूतल्या इंद्रियाकडे पोचवते. म्हणून हात आधी बिनवासाच्या साबणाने धुवा. उंदराचा वास लागलेला हात दिसायला हात असतो, पण वासाने जेवण असतो. पिल्लाची जीभ लांब, संथ बाहेर येऊन वरखाली होऊ लागली की ते चौकशी करतंय. जीभ आत आणि मान मुडपलेली असेल तर हात तसाच ठेवून वाट बघा, पुढे जाऊ नका.

मग उचलणं. वरून चिमटीत कधीच नाही, शेपटीला धरून नाही, आणि डोक्यामागे तर मुळीच नाही. डोकं धरणं म्हणजे शिकाऱ्याचीच पकड. बाजूने, खालच्या पातळीवरून हात सरकवायचा आणि अंगाच्या मध्याखाली बोटं घालून ओंजळीत उचलायचं. ही क्रिया संथ असावी, पण चाचपडत नको. झेपावेल का, चावेल का म्हणून हात पुढेमागे करत राहिलात तर तुम्हीच त्याला दहा वेळा घाबरवता. एकदा ठरलं की सरळ उचला. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते सुसाट पळायला बघेल. घट्ट धरू नका. एक हात संपला की पुढे दुसरा हात, तो संपला की पुन्हा पहिला, अशी वाट करून देत राहा. कुठे अडवलं जात नाही हे कळलं की वेग आपोआप उतरतो. हे सगळं गादीवर किंवा जमिनीवर बसून करा, उभं राहून नाही.

पहिल्यांदा पाच मिनिटं पुरेत. आठवड्यातून दोन-तीन वेळा. दोन-अडीच महिन्यांत पंधरा-वीस मिनिटांवर या. मी स्वतः मोठ्या सापांनाही यापेक्षा फार वेळ बाहेर ठेवत नाही, कारण आपल्या हाताचं तापमान त्याने निवडलेलं नसतं. परत ठेवायचं ते ते संथ झालेलं असताना. आणि परत ठेवतानाही हातातून टाकू नका. लपणीच्या तोंडाशी हात टेकवून त्याचं त्याला उतरू द्या.

चावलंच तर? पिल्लाचे दात सुईच्या टोकाएवढे. रक्ताचे दोन-चार ठिपके येतील, बस. हात झटकू नका; सापाचे दात मागे वळलेले असतात, ओढलं तर ते तुटून कातडीत राहतात आणि त्याचं तोंड दुखावतं. घाबरून चावलेला साप लगेच सोडतो. सोडत नसेल तर थंड पाण्याखाली धरा, नंतर साबणाने धुवा. चावल्याबरोबर त्याला डब्यात टाकलं तर "चावलं की सुटका" असं तो शिकतो, असं काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण त्याचा अर्थ त्याला शिक्षा म्हणून जास्त वेळ पकडून ठेवा असा नाही. अंग सैल पडेपर्यंत, मिनिट-दोन मिनिटं स्थिर बसा, आणि मग ठेवा.

भीतीचं चावणं आणि भुकेचं चावणं यातला फरक मात्र आत्ताच ओळखायला शिका, कारण पिल्लू नीट खायला लागलं की दुसरा प्रकार सुरू होईल. घाबरलेला साप मागे सरतो, मान मुडपतो, झेपावतो आणि परत मागे जातो. भुकेलेला साप पुढे येतो, टक लावून, जीभ भराभर. धरला तर सोडत नाही, उलट वेटोळं घालतो. किंग स्नेक यात कुप्रसिद्ध आहेत. भुकेच्या चावण्यावर सरावाचा उपयोग नाही, खुणेचा आहे. हाताळायच्या वेळी दरवेळी आधी साप उचलायच्या हुकने किंवा कागदाच्या सुरळीने अंगाला मधोमध हलका स्पर्श करायचा. खाऊ घालताना हा स्पर्श कधीच नाही, तेव्हा लांब चिमटा. काही आठवड्यांत स्पर्श झाला की तो खाण्याची आशा सोडतो. खाण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवावं म्हणजे राहत्या डब्यात हाताला चावत नाही, हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मला तो पटत नाही. पोट भरलेल्या, अजून शिकारीच्या भरात असलेल्या सापाला उचलून परत आणणं यात चावण्याचा आणि उलटून टाकण्याचा, दोन्ही धोके आहेत.

दोन वेळा हाताळणं वर्ज्य. खाल्ल्यावर ४८ तास, आणि पोटात फुगा दिसत असेल तर तो बसेपर्यंत. आणि कात टाकायच्या सुमारास, डोळे दुधाळ निळसर झाल्यापासून कात पडेपर्यंत. तेव्हा त्याला धड दिसत नाही आणि नेहमीचा गरीब सापही झेपावतो.

बाकी जातीवर खूप अवलंबून आहे. कॉर्न स्नेक बहुतेक पहिल्या वर्षात निवळतात, आणि त्यातलं बरंचसं श्रेय वाढीला असतं, आपल्याला नाही. अंग वाढलं की घाबरण्यासारखं कमी उरतं. कार्पेट पायथनची पिल्लं लहानपणी चांगलीच तापट असतात आणि पुढे अनेकदा समंजस होतात. हिरव्या ट्री पायथनला हाताळायचं वेड सोडलेलंच बरं. बर्मीज पायथनसारखा साप मात्र वेगळा विचार मागतो. तो तीन मीटरच्या पुढे जातो, त्या आकाराला एकट्याने हाताळणं धोक्याचं, आणि तिथे लहानपणापासूनचा सराव ही खरोखर गरज असते. रानातून पकडलेला साप लहान असो वा मोठा, या सगळ्या हिशेबातच बसत नाही. तो पाळू नये. आणि अनेक ठिकाणी तो गुन्हाही आहे. विषारी सापाला सराव लावण्याचा विषयच नको.

म्हणजे लहान वयाचा काहीच उपयोग नाही का? आहे. लहान साप चावला तर आपण दचकत नाही, त्यामुळे आपला हात स्थिर राहतो. माझ्या मते लहानपणी सुरुवात करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, की त्या काळात आपण सरावतो. माझ्याकडे मोठेपणी आलेले, आधी कुणी हात न लावलेले सापही वर्षभरात हातावर यायला लागलेत. उलट पिल्लूपणी रोज खेळवलेला साप सहा महिने नुसता ठेवला तर पुन्हा बुजतो.

आणखी एक. शांत झालेला साप एका दिवसात चावरा झाला तर स्वभावाला दोष देण्याआधी अंग तपासा. डोळ्यावर अडकलेली कात, खवल्यांच्या कडेला काळे ठिपक्यांसारखे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे), पोटावरचा भाजल्याचा डाग, श्वासात घुरघुर किंवा तोंडाशी बुडबुडे. यातलं काही दिसलं की पशुवैद्य.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हातात साप देऊ नका, साप कितीही गरीब असला तरी. सापांच्या आतड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि लहान मुलांना तो चांगलाच बाधतो. मोठ्यांनीही आधी आणि नंतर हात धुवायचे. सापाचा डबा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये.

घाई कशाला करायची? कॉर्न स्नेक नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली एका बॉल पायथन मादीने साठी उलटल्यावर अंडी घातली होती. त्या मापाने तुमचे हे सात दिवस काहीच नाहीत.

डब्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. पुन्हा लिहाल तेव्हा दोन आकडे आधी सांगा, उबदार टोकाचं जमिनीवर मोजलेलं तापमान आणि पिल्लाचं वजन. झेपावतं की नाही ते नंतर बघू.